दोन नंबरचं मत

“हीटर चालू आहे ना तुझ्या गाडीतला? मग चल,” म्हणत आर्ची टेनंट यांनी दार ओढून घेतलं आणि ते माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. माझ्या बापाबरोबर पोलाद कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. आमच्या कामगारांच्या पक्षाच्या यादीत त्यांचं घर पक्कं. पक्क्या घरी मत मागायला कोणी जात नाही. फक्त मतदानाच्या दिवशी गाडी पाठवायची. तीस वर्षं हे काम मी करतेय. स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरच्या या गल्ल्यांत माझी, सेंगा डेव्हलिनची, गाडी सगळ्यांना माहीत आहे.

आमचा नगरसेवक वारला, म्हणून ही पोटनिवडणूक.

गाडीत बसल्यावर आर्ची म्हणाले, “सेंगा, आधीच सांगतो. आज माझं मत नॅटांना.”

नॅट म्हणजे स्कॉटलंड हा वेगळा देश मागणारा पक्ष. मी चावी फिरवली.

“गेल्या खेपेला तुमच्या माणसाला एक नंबर दिला, त्यांच्या बाईला दोन. माझी नेट्टा जायची ते म्हाताऱ्यांचं केंद्र चालू ठेवू, असं दोघंही म्हणत होते. म्हटलं, मिळून चालवतील.”

आमच्याकडे पालिकेला उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे घालतात. पक्षाचा हुकूम होता, एक घाला आणि थांबा. लोक कसले ऐकतात! गल्लीच्या गल्ल्यांनी एक आम्हाला, दोन नॅटांना दिलं. स्कॉटलंड वेगळं व्हावं की नाही यावरून ही माणसं जेवणाच्या टेबलावर एकमेकांची तोंडं बघत नाहीत, पण म्हाताऱ्यांचं केंद्र बंद पडू नये याबद्दल दुमत नव्हतं. पालिकेत बहुमत कोणालाच मिळालं नाही. आम्ही आणि नॅट एकत्र आलो असतो तर झालं होतं. लोकांनी पेन्सिलीने युती लावून दिली होती, आम्ही फक्त समोरासमोर बसायचं होतं.

तेवढ्यात पक्षाच्या वरच्यांकडून पत्र आलं. नॅटांशी हातमिळवणी नाही, कुठेच नाही, कशासाठीच नाही. शाखेच्या सभेत मी उठून विचारलं, केंद्राचं काय? सेक्रेटरी ह्यू कॅर्नी म्हणाले, “सेंगा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.” तत्त्वाला काय जातंय, त्याला कुठे म्हातारी सांभाळायचीय! पण हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला. पत्राच्या बाजूने. पक्षाने म्हटलं हात वर, की आमचा हात वर. दुसरं येतंच काय आम्हाला?

कारभार तिसऱ्यांकडे गेला आणि केंद्राला कुलूप लागलं. आर्चींची बायको नेट्टा रोज सकाळी तिथे जायची. तिला नवऱ्याचं नाव आठवायचं नाही कधी कधी, पण तिथे ती बटाटे सोलायची, गाणी म्हणायची. केंद्र गेलं आणि ती रस्त्याने भटकायला लागली. शेवटी चौदा मैलांवरच्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं तिला.

“तू हात वर केलास म्हणे,” आर्ची म्हणाले. आवाज चढला नव्हता.

“केला.”

“तुझ्या बापाने नसता केला.”

“केला असता, आर्ची. तुम्हीसुद्धा. तुमच्याकडूनच शिकले मी.”

ते कडवट हसले. “खरंय बाई. सगळे एकाच माळेचे मणी आपण.”

मतदान शाळेत होतं, तिथे जाऊन ते मत देऊन आले. “आता बसथांब्यावर सोड. आज गुरुवार, नेट्टाकडे जायचंय.”

“दोन बस बदलत कशाला जाता? चला,” मी म्हटलं. माझं मत अजून द्यायचं होतं. म्हटलं, परत येऊन देईन.

नेट्टा खिडकीशी चहा घेत बसली होती. मी कोण ते तिला कळलं नाही, पण माझ्या कोटावरचं पक्षाचं लाल फितीचं फूल बघून तिचा चेहरा खुलला.

“आज मतदान वाटतं. आर्ची, दिलंस ना?”

“दिलं.”

“आपल्यालाच ना?”

आर्चींनी तिच्या हनुवटीवरचा चहा रुमालाने पुसला. “आपल्यालाच. दुसऱ्या कोणाला दिलंय का कधी?”

मला मान वर करवेना.

“बरं झालं,” नेट्टा म्हणाली आणि तिने माझा हात धरला. “मग उद्या सकाळी मला केंद्रात सोडायला येशील ना ग?”

मी आर्चींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.