पुलकेश बागचींचा शेवटचा सिनेमा

"थुंकी खरीच लागेल," दिग्दर्शक सुबल कर्मकार म्हणाला. "साबणाचा फेस क्लोजअपमध्ये लगेच कळतो."

मातीच्या भांड्यातला चहा फुंकत तो हे माझ्या नवऱ्याच्या तोंडावर बोलला, जणू आमटीत मीठ किती घालायचं ते सांगत होता.

बारुईपूरच्या अलीकडे एका पेरूच्या बागेत शूटिंग चाललं होतं. सिनेमात आमचे हे म्हणजे गावातले म्हातारे मास्तर. गुंडानं मास्तरांची मुलगी पळवलेली, म्हणून ते त्याच्या दारात याचना करायला येतात. गुंड खुर्चीत बसून स्वतःच्याच बुटावर थुंकतो आणि म्हणतो, 'गालानं पूस, मग बघू.' ज्या माणसाची तसबीर एके काळी बंगालमधल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात टांगलेली असायची, तो पुलकेश बागची धोतर नेसून गवतात गुडघे टेकून बसला होता आणि कुणाची तरी थुंकी गालाला लागायची वाट पाहत होता.

हृदयाचं दुखणं झाल्यापासून मी त्यांच्याबरोबर शूटिंगला जायची. डबा वेळेवर पोटात गेला पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डबा मांडीवर घेऊन मी झाडाखाली बसले होते.

गुंडाचं काम करणाऱ्या पोराचं नाव पडद्यावर दुर्जय होतं, खरं काय होतं कोण जाणे. तो धावत आला आणि ह्यांच्या पाया पडला.

"दादा, माफ करा हं. आमचे बाबा तुमचे केवढे भक्त होते! आई तर अजून तुमचं नाव काढते."

एवढं बोलून तो खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं घसा खाकरला. पहिल्या वेळी थुंकी गवतात पडली. दुसऱ्या वेळी ह्यांच्या धोतरावर. धोतर बदललं, दुर्जय पुन्हा येऊन पाया पडला, पुन्हा जाऊन खाकरला.

"हे बघ बाबा," हे शांतपणे म्हणाले, "पाया पडायचं की थुंकायचं, एक काय ते ठरव. मधेमधे माझी तंद्री मोडते."

सगळे हसले. मी हसले नाही. 

भोवती गाव लोटलं होतं. माणसं पेरूच्या फांद्यांवर चढून बसली होती. माझ्या वयाच्या बायका खास ह्यांना बघायला नवी साडी नेसून आल्या होत्या. शेवटी एकदाची थुंकी नेमकी बुटावर पडली, ह्यांनी मान वाकवली आणि गाल टेकवला. सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "अजून घास, म्हाताऱ्या!" 'कट' म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी त्यांना हातपंपावर नेलं. मी दांडा मारत होते आणि ते गाल धूत होते. तोंड पुसता पुसता पंच्याआडून त्यांनी विचारलं, "जमलं ना गं?"

थुंकीची किळस आलीच होती. पण खरं सांगते, त्याहून जास्त किळस मला त्या प्रश्नाची आली.

"घरी चला," मी म्हटलं.

"दुपारी एक शॉट आहे अजून. डोळे बघितलेस माझे? मी डोळे मिटले नाहीत. दुसरा कुणी असता तर मिटले असते."

आमचं लग्न झालं तेव्हा हे बंदराच्या कचेरीत कारकून होते. दर वर्षी कचेरीच्या क्लबचं नाटक असायचं, त्यात कुणा दिग्दर्शकानं ह्यांना पाहिलं आणि उचलून टॉलीगंजच्या स्टुडिओत नेलं. पहिल्याच सिनेमात हे ट्रामचे कंडक्टर झाले. दिवसभर नोकरी शोधून परतणारी नायिका शेवटच्या थांब्यावर उतरते, तेव्हा हे तिला नुसतं विचारतात, "दमलात?" बस्स. त्या एका शब्दावर आख्खा बंगाल वेडा झाला. आवाज असा, की कुणी कानाशी येऊन बोलतंय. लग्नाकार्यात बायका ह्यांना घेरायच्या, "पुलकेशदा, एकदा म्हणा ना, दमलात?" आणि हे म्हणायचे. मुलीच्या वेळी मी दहा-दहा तास वेणा सोसल्या, तेव्हा मात्र मला कुणी विचारलं नाही. असो.

पंधरा-सोळा वर्षं हे नायक होते. दुर्गापूजेला ह्यांचा सिनेमा नाही असं झालं नाही. मग रंग आले, मारामाऱ्या आल्या, नायिकेच्या वयाची पोरगी ह्यांना काका म्हणू लागली. हे नायिकेचे थोरले भाऊ झाले, मग बाप झाले. आणि बंगाली सिनेमातल्या बापाला एकच काम असतं, मध्यंतराच्या आत मरायचं. हे ट्रकखाली मेले, सुरी लागून मेले, मुलाचा निकाल ऐकून मेले, एकदा तर डोक्यावर झुंबर पडून मेले. क्षयानं मरायचं असलं की घरी बीटाचं पाणी तोंडात धरून खोकायचा सराव चालायचा, आणि माझ्या पांढऱ्या चादरींवर डाग पडायचे. मेलेल्या बापाची तसबीर भिंतीला लागते, म्हणून प्रॉडक्शनचा माणूस फोटो न्यायला यायचा. हे केस विंचरलेला, चांगला हसरा फोटो निवडून द्यायचे. एकदा तो फोटो चंदनाच्या हारासकट घरी परत आला. मी हार तोडून कचऱ्यात टाकला, तर हे म्हणाले, "अगं, चंदन खरं होतं."

पोटासाठी करत होते असं नाही. घर स्वतःचं, मुलगी जमशेदपूरला सुखात. मी कितीदा म्हटलं, पुरे आता. त्यावर एकच उत्तर, "अजून बोलावतात ना मला, अणिमा." बोलावणाऱ्याचं तोंड काय लायकीचं आहे, ते बघायचंच नाही. मला त्या स्टुडिओंचा वीट आला होता, त्या लाडीक 'दादा, दादा' करणाऱ्यांचा आला होता, आणि त्या हाकेला कान टवकारून बसलेल्या माझ्या नवऱ्याचाही आला होता.

बारुईपूरचं काम संपल्यावर काही महिन्यांनी डबिंग निघालं. टॉलीगंजच्या आवाज भरायच्या खोलीत काचेच्या अलीकडे बाकावर मी बसले होते. पडद्यावर तोच प्रसंग आला. बूट, आणि बुटावर ह्यांचं तोंड.

"दादा," सुबल म्हणाला, "इथं तुमचे ओठ दिसत नाहीत. इथं दोनदा भुंका."

"काय करू?"

"भुंका. कुत्र्यासारखं. दुर्जयचा डायलॉग वाढवलाय, 'भुंकून दाखव, मास्तर.' प्रोड्यूसरना सुचलं. काय जमलंय म्हणून सांगू! पब्लिक हॉल डोक्यावर घेईल."

हे पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "नाही, सुबल. तो भुंकणार नाही."

"कोण?"

"मास्तर. मुलीसाठी तो गाल घासेल. मीही घासला. पण भुंकला, तर सुटून आलेली मुलगी त्याच्याकडे बघेल कशी? तेवढं तो राखणार स्वतःपाशी."

"अहो दादा, तो मास्तर आम्ही लिहिलाय!"

"लिहिला तुम्ही. गुडघे माझे टेकले होते."

मी बाकावर ताठ बसले. हातपंपावर ते 'जमलं ना' का विचारत होते, ते मला त्या दिवशी कळलं. मी गालावरची थुंकी बघत बसले होते आणि हे तो मास्तर बघत होते.

सुबलनं वाद घातला नाही. "बरं दादा, तुम्ही नाही म्हणता ना, मग नाही," असं म्हणून त्यानं पायांनाही हात लावला. ह्यांनी उरलेले संवाद नीट पुरे केले, कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि आम्ही निघालो. टॅक्सीत मी कित्येक वर्षांनी त्यांचा हात हातात घेतला.

पूजेला सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला भवानीपूरला जाऊन आम्ही मागच्या रांगेत बसलो. तो प्रसंग आला. दुर्जय म्हणाला, "भुंकून दाखव, मास्तर." आणि बुटावर वाकलेल्या त्या पांढऱ्या डोक्यातून भुंकणं ऐकू आलं. दोनदा. मग एक लांब केकाटणं. सगळं ह्यांच्या आवाजात. तोच घसा, तोच खालचा सूर. कुणा नकलाकाराला आणून ते भरलं होतं.

हॉल अक्षरशः फुटला. शिट्ट्या, टाळ्या, नाणी पडद्यावर. अंधारातून चारी बाजूंनी लोक भुंकू लागले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"हुबेहूब काढलाय," हे हळूच म्हणाले. 

बाहेर पडल्यावर मी गटाराच्या कडेला ओकले.

घरी येऊन त्यांनी सुबलला फोन लावला. पलीकडचं मला उभ्या जागी ऐकू येत होतं, एवढ्या मोठ्यानं तो बोलत होता. "दादा, लोक रडतायत हो! एवढा मान तुम्हाला ऐन उमेदीत तरी मिळाला होता का? आणि आवाज तुमचाच वाटतो ना? मग झालं तर!"

सिनेमा थिएटरातून हलेना. बाजारात मासेवाला ह्यांना बघून टोपलीमागून हळूच 'भौ' करायचा आणि वर पापलेट चांगलं बघून द्यायचा. चहाच्या टपरीवरचे बाप्ये, ट्राममधले कारकून, बँकेतला साहेब, सगळे भुंकायचे. द्वेषानं कुणीच भुंकत नव्हतं. सगळे प्रेमानं भुंकायचे, म्हणून तर कुणावर चिडताही येत नव्हतं. 'दमलात?' ऐकायला घेरणाऱ्या बायका आता आज्या झाल्या होत्या. त्याही नातवंडांना पुढे करून म्हणायच्या, "पुलकेशदा, ह्याला एकदा भुंकून दाखवा ना." हे हसून मान हलवायचे आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागायचे. घरी आल्यावर चपला काढताना त्यांना भिंतीचा आधार लागू लागला.

कालीपूजेनंतर गल्लीतल्या क्लबानं सत्कार ठरवला. मी नको म्हटलं. हे म्हणाले, "गल्लीतली माणसं आहेत. आणि मला एकदा सांगायचंय."

संध्याकाळी मांडव भरला. नगरसेवक मोंटू धर आला, ह्यांच्या खांद्यावर शाल घातली, संदेश मिठाईचा पुडा दिला आणि माइकवर म्हणाला, "दादा, पब्लिक काही ऐकत नाही. एकदाच होऊन जाऊ द्या!"

मांडव भुंकू लागला. हे उठले. माइकपाशी जाऊन उभे राहिले, आवाज खाली येईपर्यंत थांबले.

"तो आवाज माझा नाही," ते म्हणाले.

हशा पिकला.

"मी नाही म्हटलं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतला. तो मास्तर भुंकणारा नव्हता. एवढंच तुम्हाला..."

पुढचं हशात बुडालं. पुढच्या रांगेतला एक जण पोट धरून म्हणाला, "काय अ‍ॅक्टिंग करतो बघा म्हातारा!" मोंटू धरनं माइक ओढून घेतला. "बघितलंत? याला म्हणतात विनम्रता! चला, दादांच्या वतीनं मीच..." आणि तो स्वतःच भुंकला, शेंबड्या नाकातून, दोन्ही हात पंज्यांसारखे धरून.

ह्यांनी खांद्यावरची शाल काढली, चौघडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. पुडा तिथंच राहिला. जपून एकेक पायरी उतरून ते माझ्यापाशी आले.

"चल."

मागून कोपऱ्यापर्यंत भुंकणं येत होतं. मी भराभर चालायला लागले, तर त्यांनी माझा दंड धरला. "घाई नको. रोज चालतो तसंच चालू."

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले. मी पानं वाढली. फ्लॉवर घालून कोई माशांचा रस्सा केला होता. कोईला काटे फार, खाणाऱ्याला सबुरी लागते. ते मान खाली घालून एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होते.

फोन वाजला. या वेळेला फोन येई तो सुबलचाच. त्याच सिनेमाचा दुसरा भाग निघत होता, त्यात मेलेल्या मास्तरच्या जुळ्या भावाचं काम ह्यांना होतं आणि आठवडाभर सुबल मागे लागला होता. इतक्या वर्षांत फोन वाजला आणि हे उष्ट्या हातानं ताटावरून उठले नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

"मी घेऊ?" मी विचारलं.

"बस तू. जेवण गार होतंय."

फोन थांबला. पुन्हा वाजू लागला. सत्काराच्या मांडवातून गाणी लागल्याचं ऐकू येत होतं.

"अजून एक आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

मी अंड्यांनी भरलेली कोई निवडून त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती बोटांनी उलटी केली आणि शेपटीकडून काटे काढायला घेतले.