बासुंदीची दोन पातेली

मानवतच्या शालेय आहाराच्या प्रशिक्षणाहून दैवशाला परत आली ती दोन अॅप्रन, डोक्याला घालायच्या दोन टोप्या आणि पाठ केलेले नियम घेऊन. गावच्या शाळेत एकशे चाळीस लेकरांची खिचडी ती आणि कडूबाई अशा दोघी शिजवायच्या. कडूबाई साठीला टेकलेली. आधी ऊसतोडीला जायची, गुडघे गेल्यावर शाळेच्या चुलीवर आली, ती चौदा वर्षं तिथंच. तिनं टोपी एकदा घालून पाहिली आणि खुंटीला अडकवली.

"ही काय बाळंतिणीची टोपी हाय का? उकडायलंय मला."

"मावशी, केस पडतेत खिचडीत."

"चौदा वर्षांत कोण्या लेकराच्या घशात माझा केस अडकला ते दाखव."

असं होतं. आणि नुसती कडूबाईच असती तर दैवशालानं निभावून नेलं असतं. कडूबाई शिंकायची पदरात आणि त्याच पदरानं ताट पुसायची. मुख्याध्यापक भुजंग सर मोटारसायकलच्या पेट्रोलचा डबा सावली म्हणून स्वयंपाकखोलीत ठेवायचे, तोही गॅसच्या टाकीला लागून. दैवशाला तो उचलून बाहेर ठेवायची, सर परत आत आणायचे. "इथं थंड राहतं गं," म्हणायचे. जेवण आधी शिक्षकानं चाखायचं आणि मग वहीत नोंद करायची, असा नियम. सर सकाळी सातलाच, गॅस पेटायच्या आत, 'चव घेतली, उत्तम' असं लिहून सही करून मोकळे व्हायचे. रोज तीच माणसं, रोज तीच बोलणी. सांगून सांगून दैवशालाचा घसा बसायची वेळ आली होती.

मार्च संपत आला होता. शाळा सकाळची झाली होती. त्या दिवशी खिचडी उतरवून दोघी ताटं मांडत होत्या, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. गावचे माजी सरपंच आबासाहेब यांचा मुलगा बालाजी आणि एक गडी दोन मोठी पातेली घेऊन उतरले.

"काल बाळाचा वाढदिवस झाला ना," बालाजी म्हणाला, "बासुंदी उरली. आबा म्हणाले, शाळेतल्या लेकरांना द्या."

बासुंदी हा शब्द वर्गांत पोचायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत पोरं ताटं घेऊन ओसरीवर रांगेत उभी.

दैवशालानं झाकण उचललं. वर वेलदोड्याचा वास होता, पण त्याच्याखाली दुसराच आंबूस वास होता. काठाला बारीक फेस धरला होता. पळी घालून पाहिली तर दुधाच्या गुठळ्या पळीला चिकटून वर आल्या.

"कधी केलती ही?"

"काल दुपारी."

"आन रातभर कुठं होती?"

"मांडवातच. एवढं पातेलं कोण्या फ्रिजात बसंल, वहिनी?"

ती भुजंग सरांना बोलवायला गेली. सर आले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "एक उकळी आणा. म्हणजे झालं."

"उकळून सगळंच विष जात न्हाई, सर. मानवतला शिकवलंय आमाला."

"अगं, आबांच्या घरची वस्तू. परत कोण पाठवणार?"

"तुमी पाठवा. मुख्याध्यापक तुमी हाईत."

दैवशालानं एक वाटी घेतली, काठोकाठ भरली आणि त्यांच्यापुढं धरली. "मग आधी तुमी चाखा. नोंद करायचीच हाय."

सरांनी वाटी ओठांपर्यंत नेली, क्षणभर तशीच धरली आणि खाली ठेवली. "माझं पोट आधीच बरं नाही दोन दिवस," म्हणाले. "लेकरांना जास्त नका देऊ. अर्धी अर्धी वाटी वाढा." आणि ऑफिसात निघून गेले.

त्यांच्या पाठीकडं ती बघतच राहिली. हा माणूस स्वतः थेंब घेत नाही आणि पाच वर्षांच्या पोरांना अर्धी वाटी वाढा म्हणतो! काय बोलावं, कुणाशी बोलावं? इकडं बालाजीनं पळी हातात घेतली होती. रांगेतलं पहिलं पोरगं ताट पुढं करून उभं होतं.

कोपऱ्यात फरशी पुसायच्या फिनेलची बाटली होती. दैवशालानं ती उचलली, बूच काढलं आणि अर्धी बाटली पहिल्या पातेल्यात ओतली.

"आगं माय!" कडूबाई ओरडली. "डोकं फिरलं का तुझं? आबा जित्ती न्हाई ठेवायचे तुला!"

ओरडली खरी, पण ओरडता ओरडता दुसऱ्या पातेल्याचं झाकण तिनंच काढून धरलं. उरलेली बाटली त्यात गेली.

ओसरीवर रडारड झाली. तिसरीतली पंकजा, एरवी दैवशालाच्या मागं मागं करणारी, ताट आपटून म्हणाली, "तुमी लय वाईट हाईत, मावशी!" त्या दिवशी बऱ्याच पोरांनी खिचडीलाही हात लावला नाही. अर्धं पातेलं तसंच राहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नवरा महारुद्र शेतातून आला तो ऐकूनच आला. "काय गरज होती तुला? आबांच्या घरच्या सगळ्यांनी खाल्ली बासुंदी. कुणाला काई झालं का?"

"त्यांनी रात्री ताजी खाल्ली. ही दुसऱ्या दिवसाची होती."

"पण झालं का कुणाला काई?"

"कुणी खाल्लीच न्हाई तर होईल कसं? चार लेकरं ओकली असती, सलाईन लागलं असतं, मग पटलं असतं का तुमाला?"

महारुद्र हात धुवायला गेला. दैवशालाला वाटलं, भिंतीशी बोललेलं बरं.

तिसऱ्या दिवशी शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. आबासाहेब फार आरडाओरडा करणारे नव्हते. खुर्चीत ताठ बसून हळू बोलले, तेच तिला जास्त लागलं. "नातवाच्या नावानं दिलं होतं. नको होतं तर परत धाडायचं. फिनेल घातलं! सगळ्या गावासमोर बेइज्जती केली आमची."

"तुमच्या मनाला लागलं त्याची माफी मागते, आबा," दैवशाला म्हणाली. "ओतलं त्याची न्हाई मागायची. सरांनाच विचारा, त्यांनी का न्हाई चाखली?"

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सर हजेरीपत्रकाची पानं उलटत होते.

एका सदस्यानं दैवशालाला कामावरून काढायचा ठराव मांडला. तेवढ्यात दाराशी टेकून उभी असलेली कडूबाई पुढं आली. "एका पातेल्याचं झाकण म्या काढलंय. हिला काढता तर मलाबी काढा. आन उद्याच्याला एकशे चाळीस लेकरांची खिचडी कोण टाकणार ते आत्ताच ठरवा. कुनाची बाई येती सांगा, मी किल्ली देते."

मग बराच वेळ कुजबुज चालली आणि ठराव बदलला. काढायचं नाही, लेखी समज द्यायची. दैवशालानं कागद वाचला. 'उद्धट वर्तन' असं लिहिलं होतं. बासुंदीचं नावही त्यात नव्हतं. तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडत होती, तर दाराशी आबासाहेबांची सून अर्पिता उभी. कडेवर वर्षाचं बाळ.

"वहिनी, एक सांगायचं होतं," ती खाली बघत म्हणाली. "त्या दिवशी सकाळीच मला वास आला होता. मी सासूबाईंना म्हणाले, टाकून देऊ. त्या म्हणाल्या, एवढं दूध टाकायचं कसं, शाळेत धाडा. माझ्या लेकराला मी नाही दिली."

दैवशालाच्या हातातलं सूप थांबलं. "आपल्या लेकराला न्हाई दिली?"

"नाही."

"मग काल बैठकीला येऊन कामून बोलला न्हाईत?"

"सुनेचं कोण ऐकतं, वहिनी?"

"माझं तरी कोण ऐकत होतं?" दैवशालाचा आवाज चढला. "ऐकलं असतं तर फिनेल ओतायची पाळी आली असती का माझ्यावर?"

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ आईचं मंगळसूत्र ओढत होतं. दैवशालाला स्वतःचाच राग आला. पोरगी निदान आली तरी होती. सर तर अजून पेट्रोलचा डबा आतच ठेवत होते.

"लेकरांना काहीतरी द्यावं वाटतं," अर्पिता म्हणाली. "गुरुवारी घरून शिरा करून आणू का?"

"आणू नका. सामान घेऊन इथं या. हात धुवा, नखं बघून घ्या आन इथंच करा. गरम गरम वाढू."

गुरुवारी अर्पिता खरंच आली. रवा, साखर आणि तुपाचा डबा घेऊन आली, अॅप्रन बांधला आणि वाफेत डोळे चोळत तीन किलो रव्याचा शिरा केला. पातेलं खरडून निघालं. घरी ती काय सांगून आली होती ते तिनं सांगितलं नाही आणि दैवशालानं विचारलं नाही. आबासाहेब अजूनही रस्त्यात दैवशाला दिसली की तोंड फिरवतात, आणि तो समजेचा कागद शाळेच्या फायलीत तसाच आहे.