पायावरून गेलेलं वारं

लातूर जिल्हा झाला त्या साली पाऊस काही आला नाही. मुरुडचा साहेबराव नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागला आणि महिन्याभरात टँकरचं गढूळ पाणी पिऊन हगवणीनं आडवा झाला. हगवण थांबली. पंधरा दिवसांनी पायाला मुंग्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याला स्टुलावरून उठताच येईना.

कचेरीतले म्हणाले, घेतली असंल. गावातले म्हणाले, करणी.

"आमच्या घरात ना दारू हाय, ना भूत," बायको सुमनबाई म्हणाली आणि जीपमध्ये घालून त्याला नांदेडला घेऊन गेली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. "हगवणीच्या जंतूंवर सोडलेले शरीराचे शिपाई आता स्वतःच्याच नसा कुरतडू लागलेत," ते म्हणाले.

"म्हंजे शिपायानं साहेबालाच हाणलं," साहेबराव म्हणाला. "लई दिवसांनी."

शेजारच्या खाटेवर देगलूरचा मलप्पा होता. त्याला हाच रोग, पण डोळ्यांतला. चालताना झोकांड्या जायच्या. "मला नर्सबाई दोन दोन दिसतात," तो म्हणाला.

"तुझं नशीब. माझ्याकडं एकबी येईना."

"त्याचा प्रकार लवकर उतरतो," डॉक्टर म्हणाले. "तुझा पायातून वर चढतो. महिनाभर चढेल, थांबेल, मग सावकाश उतरेल. शंभरातले ऐंशी चालायला लागतात, चार-पाच जातात, बाकीचे अधू राहतात. छातीत शिरला तर श्वासाला मशीन लागेल."

छातीत दम किती उरला ते बघायला डॉक्टर रोज सकाळी त्याला एका दमात आकडे म्हणायला लावत. पंचवीस. अठरा. अकरा. तोवर चेहराही लुळा पडला, पापण्या मिटेनात.

"मी गेलो तर..." तो पुटपुटला.

"मेल्यावर बोलू. आकडे म्हण," सुमनबाई म्हणाली.

आकडे आठवर आले तेव्हा घशात नळी घालून श्वासाची मशीन लावली. "लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा गप हाय," सुमनबाई नर्सला म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

बाराव्या दिवशी नळी निघाली. मलप्पा दीड महिन्यात सरळ चालत घरी गेला. साहेबरावाला आठ महिने लागले, आणि डावं पाऊल फरफटतच राहिलं.

मुरुडला एसटीतून उतरताच तो धुळीत पडला. लोक उचलायला धावले. सुमनबाईनं हात आडवा धरला.

"उठतो त्यो."

तिच्या अख्ख्या माहेराचा उद्धार करत, गुडघ्यावर हात रोवून साहेबराव उठला.