वीजराजचं शेवटचं पान

मिरजगावच्या एसटी स्टँडसमोर काकासाहेबांची टपरी होती, आणि टपरीत आडव्या बांधलेल्या सुतळीवर चिमट्यांनी अडकवलेली चित्रांची पुस्तकं. भाडं देऊन बाकड्यावर बसून वाचायची, वाचून परत द्यायची. जवळजवळ सगळी वीजराजची. हा वीजराज मुंबईच्या छापखान्यातून रंगीत होऊन यायचा. अंगावर लाल झगा, तोंडाला मुखवटा, एका ठोशात आगगाडी थांबवायचा. सुतळीच्या टोकाला मात्र एकच पुस्तक सहादेव पेंटरचं होतं. काळंपांढरं, सायक्लोस्टाइलची शाई कुठं कुठं फासलेलं, नाव 'विहीर'. नवरा-बायको विहीर खणतात, एवढीच गोष्ट. दिवाळीपासून ते एकाही माणसानं खाली उतरवलं नव्हतं.

"येत्या बाजारी तुझं काढणार बघ," काकासाहेबांनी सहादेवला बजावलं. "शेंगांच्या पुड्या तरी हुतील."

सहादेव ट्रकच्या फाळक्यांवर मोर आणि कमळं रंगवायचा. हात कामात असे, पण डोकं सारखं त्या सुतळीकडं. कुणी वाचून नावं ठेवली असती तर त्याला चाललं असतं. पण वाचलंच नाही, याची आग होती. एखाद्यानं तरी विचारावं, पुढं काय झालं? वीजराजच्या बाबतीत हे कुणी विचारत नाही, कारण तो जिंकणार हे पहिल्या पानावरच ठाऊक. आणि तरी झुंबड त्याच्यावरच! सहादेवला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. वीजराजची मूठ ज्यानं काढली होती त्याच्या हाताला तोड नव्हती. पण या गड्याला कधी घाम येत नाही, तहान लागत नाही. त्याच्या अख्ख्या शहरात एक बाई पाण्याला निघालेली दिसत नाही. इकडं पावसानं लागोपाठ दुसऱ्या साली तोंड फिरवलेलं, आणि निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी काकासाहेब स्वतःच त्याच्याकडं आले. नव्या वीजराजचं शेवटचं पान कुणीतरी तंबाखू बांधायला फाडून नेलं होतं.

"तू काढून दे. धरण फुटतंय, वीजराज भिंत पाठीवर धरतोय, गाव वाचतंय. झालं."

"मी? वीजराज काढू?"

"मग काय म्या काढू? हात चांगला हाय तुझा, डोस्कं तेवढं वाकडं."

पहिल्या चौकटीपर्यंत सहादेव शहाण्यासारखा वागला. धरण काढलं, लाल झगा काढला. मग ते एवढं सारं पाणी बघून त्याचं टाळकंच सरकलं. दुसऱ्या चौकटीत वीजराज तहानेनं कासावीस होऊन आभाळातून खाली आला, तो थेट मिरजगावच्या माळावर. तिथं 'विहिरी'तलीच बाई पदर खोचून उभी होती. वीजराजनं पाणी मागितलं. "पानी लागायचंय अजून," बाई म्हणाली. "झगा ठेव तिथं आन् उतर खाली." शेवटच्या चौकटीत त्या प्रसिद्ध मुठीनं मातीची पाटी धरली होती, आणि कपाळावरून घाम निथळत होता.

काकासाहेबांनी घाईत नुसता लाल रंग बघितला आणि पुस्तक सुतळीवर अडकवलं.

बाजारादिवशी सहादेव रस्त्यापलीकडं एक फाळका रंगवत होता. कमळाची एक पाकळी काही त्याच्या मनासारखी होईना. पान काढताना वाटलेली मजा कधीच उतरली होती.

"ही काय भानगड हाय?" बाकड्यावरून पुंजाराम ड्रायव्हर ओरडला. तो सोलापूरकडं मालट्रक न्यायचा आणि वीजराज वाचल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. "वीजराजला पाट्या उचलाय लावल्या! फसवलं राव!"

काकासाहेब ते पान वाचून लालबुंद झाले आणि रस्ता ओलांडून आले. "माज्या धंद्यावर उठलास व्हय रं? फाड ते पान आन् नीट काढ."

"काढतो," सहादेव म्हणाला. संपलं, आता पुड्याच होणार, असं त्यानं मनाशी धरलं.

काकासाहेब मात्र हलेनात. "पर त्या बाईचं काय झालं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "पानी लागलं का तिला?"

"ती माज्या पुस्तकातली हाय, काकासाहेब. वरच्याच पानावर तिचं चित्र हाय, चार म्हैनं तुमच्याच सुतळीवर."

दोघं टपरीकडं आले. सुतळीच्या टोकाचा चिमटा रिकामा होता. सहादेवनं आधी शेंगांच्या पुड्यांकडं बघितलं. मग त्याला पुंजारामच्या मांडीवर ती फासलेली पानं दिसली. खडीच्या कामावरची दोन माणसं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पुंजारामनं शेवटचं पान उलटलं, मागं काही आहे का पाहिलं, आणि मान वर केली.

"पानी न्हाईच लागत व्हय रं?"

"अजून खांदत्यात."

"मग पुढं काय झालं?"

याच प्रश्नासाठी सहादेव इतके दिवस तळमळला होता. पाणी लागल्याचं काढलं तर गोष्ट वीजराजचीच होणार. नाही काढलं, तर खांद्यावरून बघणाऱ्या त्या दोघांना काय तोंड दाखवायचं?

"मला बी ठावं न्हाई," तो म्हणाला.

पुंजाराम उठला. त्यानं 'विहीर' स्वतःच्या हातानं चिमट्याला अडकवली. "म्या पुढल्या बाजारी येतोय परत," तो ट्रककडं जाता जाता म्हणाला. "तवर खांदून ठेव."

सहादेव हो म्हणाला, आणि रंगवायचा फाळका तसाच सोडून कोरा कागद शोधायला निघाला.