‘कळलं का?’ नंतरची जागा

सख्खा मामा आपल्याच वर्गाला विज्ञान शिकवायला असणं यासारखा दुसरा छळ नाही. त्यात आमची घरं समोरासमोर. शाळेत ‘सर’ म्हणायचं, घरी ‘मामा’ म्हणायचं आणि बोलणी मात्र दोन्हीकडे खायची. मुलांनी त्याचं नाव ठेवलंय ‘कळलं-का सर’. दर दोन वाक्यांनी तो विचारतो, “कळलं का?” आणि अख्खा वर्ग एका सुरात “हो” म्हणून मोकळा होतो. त्या ‘हो’त माझा आवाज सगळ्यात मोठा. सरांच्या भाचीलाच कळलं नाही तर कसं दिसेल!

तर या मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नंतरही आवाज बेताचाच राहील म्हणाले. मामीने माळ्यावरची जुनी पाटी पुसून त्याच्या हातात दिली.

“लिहा आता,” ती म्हणाली. “तुमचं एक वाक्य लिहून होईपर्यंत माझं सगळं भांडण उरकतं.”

मामा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. वर्ग म्हणजे त्याचा जीव की प्राण. महिन्यानंतर आपल्याला तिथे कोण उभं करणार, हीच धास्ती त्याने घेतली होती.

इकडे शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तोडगा काढला. मुलांनीच धड्यांचे पॉडकास्ट करायचे आणि विज्ञानाच्या तासाला सगळ्यांनी ऐकायचे. पहिलाच धडा, ‘वस्तुमान आणि वजन’, माझ्या आणि रेडिओच्या गळ्यात पडला. रेडिओ ही माझी मैत्रीण. तिचं बटण एकदा चालू झालं की बंद होत नाही, म्हणून हे नाव.

खोलीत आवाज घुमतो म्हणून आम्ही डोक्यावरून पांघरूण घेऊन, घामाने निथळत रेकॉर्डिंग केलं. मग रेडिओने फोनवर कापाकापी केली. श्वास, ‘अं’, ‘म्हणजे’, जिथे जिथे शांतता होती ती सगळी उडवली. “मोकळी जागा राहिली की लोक जांभया देतात,” असं तिचं म्हणणं. मागे संगीतही टाकलं. चंद्रावर वजन सहापट कमी भरतं, हे वाक्य तर तिने असं म्हटलं होतं की अंगावर काटा यावा.

वर्ग खूश! टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. मोठ्या बाई दारात उभं राहून ऐकत होत्या. जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “छान चाललंय गं तुमचं. मग सरांना आता ग्रंथालयाचं काम देऊ या. घशाला त्रास नको त्यांच्या.”

बाई प्रेमानेच बोलत होत्या, पण मी माझ्याच हाताने मामाचा वर्ग काढून घेतला होता की! कुठून अवदसा आठवली आणि ते संगीत घातलं, असं झालं मला.

संध्याकाळी मामाला पॉडकास्ट ऐकवला. ग्रंथालयाचंही सांगून टाकलं. त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, “आवाज छान. आता वर्गाला विचार: चंद्रावर गेलेला माणूस बारीक होईल का?”

“हे काय विचारायचं? सगळ्यांना कळलंय,” मी फणकाऱ्याने म्हटलं. त्याने पाटीवर ‘विचार’ या शब्दाखाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. निम्म्याहून जास्त हात ‘हो, होईल’ म्हणून वर गेले. त्यात एक हात रेडिओचा होता. अगं बाई, तूच तर बोललीस त्यात!

“बोलले, पण ऐकलं कुठे?” ती म्हणाली. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. नक्कल करायची म्हणून तिने मागे एकदा मामाचा तास चोरून रेकॉर्ड केला होता. आम्ही तो लावला. “कळलं का?” मग आमचा “हो”. आणि त्यानंतर, आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं, भली मोठी शांतता. बुटांचा आवाज. पंख्याची कुरकुर. मग मामा म्हणतो, “खिडकीपाशी कुणाच्या तरी कपाळाला आठी आहे. चला, परत सांगतो.”

रेडिओने रेकॉर्डिंग मागे नेऊन ती शांतता परत ऐकली. “आपण नेमकं हेच कापलं की गं,” ती म्हणाली.

आम्ही नवा पॉडकास्ट केला. संगीत काढलं. मुद्द्यामागे “कळलं का?” घातलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. मग मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, “बाई, एक तास सरांना येऊ द्या. बोलणार आम्हीच. ते फक्त आमच्याकडे बघतील.” बाईंना काही उमगलं नाही, पण त्या बरं म्हणाल्या.

मामा आला. गळ्याला मफलर, हातात स्प्रिंगचा वजनकाटा आणि एक दगड. पॉडकास्ट सुरू झाला. “कळलं का?” असं माझाच आवाज फोनमधून म्हणाला आणि सवयीने वर्ग ओरडला, “हो!”

मामाने फोन थांबवला आणि एकेका बाकावरून नजर फिरवत आला तो थेट माझ्यापाशी थांबला. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे. इतकी वर्षं मी ‘हो’ म्हणत आले होते. तो आत्ताही ‘हो’ म्हणू देईल, पुढे जाईल, आणि मग खरंच ग्रंथालयात जाऊन बसेल, असं मला वाटलं.

“नाही कळलं, मामा,” मी म्हणाले.

मामा! भर वर्गात! हशा पिकला. मामाने मात्र दगड काट्याला टांगला. स्प्रिंग ताणली. मग दगडाखाली तळवा धरून त्याने तो अलगद वर उचलला, तसा काटा मागे सरकला. फळ्यावर लिहिलं: ‘ओढ कमी. चंद्र.’ नंतर तोच दगड माझ्या हातात दिला. मी तो उलटसुलट करून पाहिला. कुठून बारीक झाला असणार! दगड होता तेवढाच होता.

“मलाही नव्हतं कळलं,” पाठीमागून रेडिओ म्हणाली. मग आणखी कुणी. मग आणखी कुणी. तेवढ्यात दारातून आवाज आला, “सर, ते चंद्राचं जरा परत दाखवा. मीही इतके दिवस माणूस बारीकच होतो असं समजत होते.”

मोठ्या बाई होत्या. मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ग्रंथालयाचं राहू द्या. तिथे कुणाची तोंडं बघणार तुम्ही?”

मामाने मान खाली घातली आणि मफलरने डोळे पुसले. मग त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी दगड परत दिला.