गळ्यातून निघालेला पापुद्रा

लाँड्रीमागच्या गोदामात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीवर घसा धरलेला एक सुतार तोंड वासून बसला होता. समोर गळेवाले काका. त्यांनी बोटाला फडकं गुंडाळलं, ते सुताराच्या घशात घातलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि अलगद एक पांढरा पापुद्रा बाहेर ओढला.

"घटसर्प मुळासकट निघाला," काका म्हणाले. "सुई म्हणजे शरीराशी भांडण. निसर्गाशी गोडीत वागा, तो विष आपणहून सोडतो."

पुढचं औषध म्हणजे व्हिनेगरमध्ये ठेचलेल्या लसणाच्या गुळण्या. काकांना निसर्ग बाटलीत भरूनच भेटत असावा, कारण बाटल्यांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. लोक हात जोडून उभे होते.

मी दवाखान्यात नर्स आहे. एरवी असल्या तमाशाला मी दोन शब्द सुनावून निघून गेले असते. पण सुतारानंतरचा नंबर माझ्या सहा वर्षांच्या भाचीचा होता. माझी धाकटी बहीण त्याच लाँड्रीत इस्त्री करते. पोर चार दिवस तापात होती आणि मला पत्ता नव्हता. शेजारणीने सांगितलं तेव्हा मी धावत आले. मुलीची मान सुजली होती, आवाज नाकातून येत होता. तोंड उघडायला लावलं तर आत करडा, चामड्यासारखा पडदा. हा खरा घटसर्प होता.

तिला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं, असं मी सांगितलं. बहीण हलेना.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. तिथे नेलेलं माणूस परत येत नाही."

तेवढ्यात काकांचं बोट भाचीच्या घशात जाऊन आलंही. पापुद्रा पांढराशुभ्र, रक्ताचा टिपूस नाही. घटसर्पाचा पडदा मांसाला घट्ट चिकटलेला असतो, ओढला तर रक्त येतं. मी तो पापुद्रा त्यांच्या हातून हिसकावला. कडेला एक बारीक कपची चिकटली होती. त्यांच्याच व्हिनेगरच्या पेल्यात ती टाकली, तर तिच्यावर फसफसून बुडबुडे आले.

"हे अंड्याचं कवच आहे," मी म्हणाले.

अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की कवच विरघळतं आणि आतला पापुद्रा उरतो. काका तो फडक्याच्या घडीत लपवून घशात नेत आणि तोच बाहेर काढत. मी भाचीचं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. करडा पडदा होता तिथेच होता.

लोक पुढे वाकून बघू लागले. काका मात्र वस्ताद. अश्रद्ध माणसाचा हात लागला की काढलेल्या रोगाचं अंडं होतं, असं त्यांनी जाहीर केलं. सुतार म्हणाला, असेल अंडं, पण माझा घसा हलका झाला ना. साधी घसादुखी चार दिवसांत आपोआप जाते, हे मी सांगत होते. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी पोरीला उचललं आणि पळाले. डॉक्टरांनी प्रतिविष दिलं. पण ते रक्तात मोकळं फिरणारं विष तेवढं मारतं. हृदयाला जाऊन भिडलेलं विष त्याला सोडवता येत नाही. म्हणून पहिला दिवस मोलाचा, आणि आमचे चार गेले होते. डॉक्टरांनी लसीचं कार्ड मागितलं. ते कोरं होतं. अख्ख्या वस्तीची कार्डं मी दारोदार फिरून तपासते. बहिणीने "झालं टोचून" म्हटलं आणि मी मान डोलावली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घसा साफ झाला. पोर दोन घास खाऊ लागली. बाराव्या दिवशी सकाळी उशीला टेकून बसताना तिचं हृदय थांबलं.

बहीण माझ्याशी एकदाच बोलली. "काकांनी विष काढलं होतं. तुम्ही दवाखान्यातल्यांनी सुई टोचलीत."

मागच्या महिन्यात तिच्या धाकट्या मुलाला सर्दी झाली. तिने त्याला गळेवाल्यांकडे नेलं, पापुद्रा निघाला आणि सर्दी चौथ्या दिवशी गेली, जशी ती सगळ्यांचीच जाते. आता ती पहिल्या रांगेत बसते आणि नव्या आयांना स्वतःचा अनुभव सांगते. धाकट्याची लस अजून राहिली आहे. मी लसीचा डबा घेऊन गेले की दार उघडत नाही.

सर्दी कुणाच्याही हाताने बरी होते. घटसर्प तसा बरा होत नाही. तुमच्या मुलांची कार्डं आज काढून बघा. माझ्यासारखं कुणाच्या शब्दावर राहू नका.