तासाला दोन मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने, रोज चावी द्यावी लागणारे मनगटी घड्याळ आहे. काचेवर ओरखडे पडले आहेत, पण त्याचे मला काही वाटत नाही. मी तासाला दोन मिनिटे मागे पडत असे, आणि त्या खोडीपायी एका माणसाचा जीव टांगणीला लागला, हे मात्र मला अजून खाते.

माझे मालक कोंडूबाबा. भिवंडीच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. लग्नात सासऱ्यांनी मला त्यांच्या मनगटावर बांधले. तेव्हा माझी ऐट काय विचारता! शिफ्ट संपत आली की सगळे कारागीर माझ्या तोंडाकडे बघत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला बाबा मला रुमालाने लख्ख पुसून घालत. पुढे माझ्या पोटात हवेत उडणाऱ्या कापसाची बारीक तूस शिरली, तेल सुकले आणि मी रेंगाळू लागलो. बाबांनी मला घड्याळजीकडे नेले नाही. रोज सकाळी कारखान्यातल्या घड्याळाशी माझे काटे जुळवायचे आणि दिवस ढकलायचा, एवढेच. स्वतःच्या छातीत कळ आली तरी ते असेच करीत. गोळी घ्यायची आणि गप्प बसायचे.

त्यांची मुलगी शैला गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. वजन शहाण्णव किलो. जिना चढताना धाप लागायची, म्हणून गेल्या वर्षी तिने पळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळाली आणि तिसऱ्याला धरून उभी राहिली. शेजारच्या पुतळाबाईंनी काळजीने विचारले, "शैला, बस चुकली काय गं?" शैला हसली आणि चौथ्या खांबाकडे निघाली. खांबांचे किलोमीटर झाले. मग तिने डिसेंबरातल्या ठाण्याच्या मॅरेथॉनला नाव दिले. बेचाळीस किलोमीटर, सात तासांच्या आत.

ऑक्टोबरात बाबांना घाम फुटून ते खाली बसले. डॉक्टर म्हणाले, वर्ष संपायच्या आत बायपास करा. बाबांनी नकाराची मान हलवली. "मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपलो तर उठणार न्हाय."

शैला चिडली. "बाबा, हे एवढं अंग घेऊन मी मॅरेथॉन पुरी केली, तर तुम्ही टेबलावर झोपाल?"

बाबांनी सावकाश मला चावी दिली. मग म्हणाले, "सात तासांत आलीस तर झोपीन. एक मिनिट उशीर झाला तर इषय बंद." आणि त्यांनी मला मनगटावरून काढून तिच्या हातावर बांधले. "फोन खिशात नाचतो तुझा. हे घाल."

पोरीचे डोळे भरून आले. मला मात्र तो बेत कळला. माझी खोड बाबांना पुरती ठाऊक होती. शैलाला उशीर व्हावा म्हणूनच त्यांनी मला दिले, इतके ते ऑपरेशनला घाबरले होते.

त्यानंतर दर रविवारी मी तिच्याशी खोटे बोललो. पहाटे ती वज्रेश्वरीच्या वाटेला लागे, कंटेनरचे वारे अंगावर घेत. अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून ती माझ्याकडे बघे आणि म्हणे, "बसतंय गणित!" मला ओरडावेसे वाटे, अगं, बसत नाही! पण टिकटिकीपलीकडे मला भाषा कुठली? घरातले भिंतीवरचे घड्याळ उशीर होऊ नये म्हणून पंधरा मिनिटे पुढेच ठेवलेले, त्यामुळे फरक दिसूनही तिला शंका आली नाही. ती आली की बाबा घाम पुसायच्या निमित्ताने मला काढून घेत आणि गुपचूप काटे जुळवत.

मॅरेथॉन पहाटे पाचला सुटली. तिथल्या घड्याळाशी शैलाने माझे काटे जुळवले होते, आणि बाराच्या आत पोचायचे होते. एकोणचाळीस किलोमीटरला शैलाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तिने मला पाहिले. माझ्यात सव्वाअकरा वाजून गेले होते. "चालत गेले तरी पोचते," ती पुटपुटली आणि फुटपाथवर बसली. खरे तर साडेअकरा झाले होते. एक मिनिट गेले. दुसरे गेले. तिने बुटाची नाडी सैल केली.

तेवढ्यात समोरून बाबा येताना दिसले. तिच्या भावाने, विकीने, त्यांना बाइकवर आणले होते, पण ते बाइकवरून उतरून चक्क धावत होते. छातीवर हात, तोंड पांढरेफटक. विकी मागून ओरडत होता, "बाबा, थांबा!"

"शैले, ऊठ! घड्याळ मागं हाय!" बाबा खांबाला टेकले. "मला म्हाईत होतं. मीच दिलं तुला. मी भ्यालो गं पोरी. ऊठ, पळ!"

शैलाने एक क्षण त्यांच्याकडे पाहिले. मला काढून त्यांच्या मुठीत कोंबले आणि ती पळत सुटली. विकीने बाबांना बाइकवर घालून शेवटच्या रेघेपाशी आणले. त्या मुठीत मला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते, एक चुकलेला, दोन घाईचे.

शैलाने शेवटची रेघ ओलांडली तेव्हा फलकावर बारा वाजून दोन मिनिटे झाली होती. मेडलची टेबले आवरत होते. ती रस्त्यावरच बसली आणि हमसाहमशी रडली. "गेलं बाबा. दोन मिनिटांनी गेलं."

बाबा तिच्याशेजारी खाली बसले. मूठ उघडून त्यांनी मला तिच्यापुढे धरले. "पैज मी ह्या घड्याळावर लावली होती. बघ. बारा वाजायला अजून बारा मिनिटं हायत. चल, डॉक्टरला फोन लाव."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शैलाने मला घड्याळजीकडे नेले. त्याने माझ्या पोटातली तूस काढली, तेल दिले. "बिघाड काहीच नव्हता ताई," तो म्हणाला, "नुसतं दुर्लक्ष." मित्रांनो, घरातल्या जुन्या घड्याळाला वेळेवर तेल द्या. आणि घरातले एखादे माणूस दुखणे झाकून दिवस ढकलत असेल, तर त्याला भीती कसली वाटते ते आधी विचारा.

चार तास सांगितले होते, पाच लागले. ऑपरेशनच्या दाराबाहेर शैला मला घट्ट धरून बसली होती आणि मी एक सेकंदही चुकलो नाही. दुसऱ्या दिवशी नळ्या काढल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि खोल गेलेल्या आवाजात विचारले, "किती वाजले गं?"

शैलाने मला त्यांच्या डोळ्यांपुढे धरले. "दहा वाजून वीस मिनिटं, बाबा. अगदी बरोबर."